मुख्यमंत्र्यांची महापूजा: श्रद्धा माणसाची की खुर्चीची?

वेशीबाहेर (धागाकर्ता)

आई गेली बावीस वर्षं वारी करते. मी करत नाही, आणि त्यावरून आमच्यात भांडणही नाही. करोनाच्या आधीच्या एका आषाढीला ती पंढरपूरला विठ्ठलाच्या दर्शनरांगेत, गोपाळपूरच्या पत्राशेडमध्ये रात्रभर उभी होती. मध्यरात्रीनंतर रांग ठप्प झाली. पुढून निरोप आला, "शासकीय पूजा चाललीय." शेजारची आजी पदर सावरत म्हणाली, "चालू दे बाई. मुख्यमंत्र्याला देव भेटल्याबिगर आपल्याला कसा भेटायचा?"

हे ती कौतुकानं म्हणाली की टोमणा मारला, ते आईला आजवर उमगलेलं नाही. माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून एक प्रश्न बसलाय.

मुख्यमंत्री देवभक्त असण्याला माझी काहीच हरकत नाही. नास्तिक असायलाही नाही. मला एवढंच विचारायचंय की आषाढीच्या पहाटे अडीचच्या सुमाराला गाभाऱ्यात सपत्नीक बसतो तो नक्की कोण? माणूस म्हणावा तर सरकार बदललं की यजमान कसा बदलतो? २०२० आणि २०२१ला उद्धव ठाकरे मुंबईहून स्वतः गाडी चालवत पंढरपूरला गेले. २०२२ला ३० जूनला एकनाथ शिंद्यांनी शपथ घेतली आणि १० जुलैला पूजेला तेच. दहा दिवसांत ठाकऱ्यांची भक्ती आटली असं तर नसेल ना? २०२३च्या कार्तिकीला त्याहून गंमत झाली. कार्तिकीचा मान उपमुख्यमंत्र्यांचा, आणि राज्यात उपमुख्यमंत्री दोन! पूजा कोणी करायची यावर खल झाला, शेवटी फडणवीसांनी केली. या सगळ्यात कोणाची श्रद्धा जास्त हा मुद्दा कोणाच्या तोंडी आला नाही. सगळी चर्चा पदाची.

खुर्ची म्हणावं, तर खुर्चीला धर्म कुठून आला?

पक्षीय धुणी कृपया दुसरीकडे धुवावीत.

---

तुळशीमाळ

साध्या गोष्टीचा कीस पाडायचा म्हटलं की असा धागा निघतो. पूजेचा मान पदाला असतो हे खेड्यातल्या पोराला विचारलं तरी सांगेल. पोळ्याला पाटलाचा बैल पुढे असतो, तेव्हा बैलाची श्रद्धा कोणी तपासत नाही. मुख्यमंत्री तिथं राज्याच्या वतीनं बसतात, पाऊसपाणी होऊ दे म्हणतात, शेजारी रांगेतलं एक वारकरी जोडपं असतं. यात कोणावर काय अन्याय झाला?

---

चार्वाकाचा_पणतू

> बैलाची श्रद्धा कोणी तपासत नाही

मुख्यमंत्र्यांना बैलाच्या जागी बसवलंत, तेही पूजेच्या बाजूनं बोलताना. धाग्याचं सार्थक झालं.

दरवर्षी बातमीचा मथळा तोच असतो: "बळीराजाच्या सुखासाठी मुख्यमंत्र्यांचं विठ्ठलाला साकडं." बळीराजाच्या सुखासाठी काही करायचे अधिकार विठ्ठलाकडे आहेत की मुख्यमंत्र्यांकडे? अर्जदारानं स्वतःकडेच यायचा अर्ज वरच्या टेबलावर सरकवावा, तसं चाललंय.

---

महाद्वार_घाट

मी पंढरपूरचा, घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. इथं जन्मलो, इथंच दुकान चालवतो. दोन गोष्टी सांगतो.

एक. आमच्याकडे जुनी माणसं सांगतात की सत्तरच्या आसपास समाजवादी मंडळींनी हरकत घेतली होती. निधर्मी राज्यात सरकारनं पूजा कशाला करायची, असं त्यांचं म्हणणं. मग एक वर्ष शासकीय पूजा झाली नाही. आणि पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ! झालं, विठोबा कोपला म्हणून गावोगाव बोललं जायला लागलं आणि पूजा परत सुरू झाली. माझे आजोबा हे सांगताना शेवटी हमखास हसायचे. कशाला हसायचे ते विचारायचं राहून गेलं.

दोन. साहेब येणार म्हटलं की आमच्या रस्त्यांचे खड्डे बुजतात. दिवे लागतात, नळाला वेळेवर पाणी येतं. चंद्रभागेच्या वाळवंटाची सफाई होते. मुख्यमंत्र्यांची श्रद्धा खरी की खोटी ते विठ्ठल बघून घेईल, पण डांबर खरं असतं. (पहिल्या मोठ्या पावसापर्यंत.)

---

चार्वाकाचा_पणतू

@महाद्वार_घाट, दुष्काळाची गोष्ट मीही ऐकलीय. तिचा पुढचा भाग कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात लाखो माणसांच्या चुली पेटल्या त्या खडी फोडण्याच्या आणि बंडिंगच्या कामांवर. मागेल त्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी आहे, हा विचार त्यातून राज्यभर पोचला आणि रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ला तिचा कायदा झाला. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ला व्यवसाय कर आला, जो आजही आपल्या पगाराच्या स्लिपवर दिसतो. या योजनेचे जनक कोण? विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे. त्यांचं पूर्ण नाव काय होतं माहीत आहे?

विठ्ठल सखाराम पागे.

विठ्ठल पावलाच म्हणायचं असेल तर असं म्हणा. मी सहीला अंगठा देतो.

---

तुळशीमाळ

@चार्वाकाचा_पणतू, पहिल्यांदाच तुमचा प्रतिसाद आवडला. 'विठ्ठल' हे नाव त्यांना आईबापांनी श्रद्धेनंच ठेवलं असणार, एवढं फक्त लक्षात असू द्या.

---

कलम_पंचवीस

बहुतेकांच्या डोक्यात धर्मनिरपेक्षता म्हणजे देऊळ इकडे, सरकार तिकडे आणि मध्ये भिंत, असं चित्र असतं. आपल्या संविधानात ती भिंत नाही, आणि ती मुद्दामच घातलेली नाही. पंढरपूरच घ्या. १ मे १९४७ला साने गुरुजी विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले आणि दहा दिवसांनी मंदिराचे पिढीजात सेवेकरी बडवे मंडळी राजी झाली. पुढे प्रत्येक गावात प्रत्येक देवळासाठी एक साने गुरुजी कुठून आणणार? म्हणून कलम २५मध्येच तरतूद आली की हिंदू मंदिरं सर्वांना खुली करण्यासाठी राज्य कायदा करू शकेल. मग १९७३चा पंढरपूर मंदिरे कायदा, त्यावरची बडवे-उत्पातांची वर्षानुवर्षांची कोर्टबाजी, आणि जानेवारी २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या वंशपरंपरागत हक्कांचा शेवट. म्हणजे सरकार देवळात शिरलं ते दार उघडायला. प्रश्न इतकाच की दार उघडून झाल्यावर ते सोवळं नेसून आत का बसलं?

आणि घटनाकारांना ही भानगड कळत नव्हती असं समजू नका. १७ ऑक्टोबर १९४९ला संविधान सभेत ह. वि. कामतांनी उद्देशिकेची सुरुवात 'परमेश्वराच्या नावाने' करावी अशी दुरुस्ती मांडली. सभागृहात आस्तिकांचाच भरणा होता. खुद्द अध्यक्ष राजेंद्रप्रसाद सश्रद्ध. एका सदस्यानं तर देवाचं नाव घेणार तर देवीचंही घ्या अशी मागणी केली! मतदान झालं: बाजूनं ४१, विरुद्ध ६८. विरोधात गेलेल्या अडुसष्टांमध्ये घरी रोज पूजा करणारे कितीतरी असतील. त्यांचं म्हणणं सरळ होतं की श्रद्धा ही ज्याची त्याची, 'आम्ही भारताचे लोक' म्हणताना ती सगळ्यांच्या माथी मारता येत नाही.

मात्र शपथेत दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. ज्याला जे पटेल ते त्यानं म्हणावं. म्हणजे पद स्वीकारताना माणसाच्या श्रद्धेला जागा आहे, पण पदाला स्वतःची श्रद्धा नाही. @वेशीबाहेर, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच.

---

हळदीकुंकू_९०

आणि इफ्तार पार्ट्या? हज सबसिडी? तेव्हा कुठे असतात हे प्रश्न? सगळं आम्हालाच का ऐकवता?

---

वेशीबाहेर

@हळदीकुंकू_९०, सरकारी खर्चानं इफ्तार असेल तर माझा प्रश्न तिथेही तोच आहे, एका शब्दाचाही फरक नाही. हज सबसिडी २०१८ला बंद झाली आणि ते बरं झालं.

---

कलम_पंचवीस

@हळदीकुंकू_९०, आणखी एक घ्या वादाला. कलम २९०-क वाचा. केरळच्या त्रावणकोर देवस्वम निधीला राज्याच्या तिजोरीतून दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये द्यावेत असं खुद्द संविधानात लिहिलंय. तमिळनाडूतल्या मंदिरांसाठी १३ लाख ५० हजार वेगळे. संस्थान विलीन होतानाची ती देणी आहेत. 'आम्हालाच का' ही तक्रार घेऊन कोणीही आलं तरी त्याला दाखवायला काहीतरी सापडतंच.

---

फाईलबंद

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आता बोलायला हरकत नाही. एका सरकारी कचेरीत मी तेहतीस वर्षं काढली. कुठल्या ते विचारू नका.

आमच्याकडे दर श्रावणात सत्यनारायण. नवे साहेब आले ते फार देवभोळे, माणूस मात्र सज्जन. त्यांनी आल्या आल्या पूजेला 'सर्वांनी सहकुटुंब' असा कागद फिरवला. वर्गणी ऐच्छिक. पण वर्गणीची यादी फिरायची ती साहेबांच्या टेबलावरूनच, नावापुढे रक्कम लिहून. आमच्यात एक बौद्ध सहकारी होते. चवदार तळ्याच्या गावचे, महाडकडचे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातले. त्यांनी पहिल्या वर्षी पैसे दिले नाहीत. कोणी काही बोललं नाही, साहेबही नाही. फक्त गोपनीय अहवाल लिहायचे दिवस आले तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "द्यायला हवे होते का हो?"

दुसऱ्या वर्षी यादीत त्यांचं नाव होतं, ५१ रुपये.

साहेबांनी त्यांचा अहवाल चांगलाच लिहिला होता, हे मला नंतर कळलं. म्हणजे साहेबांची श्रद्धा खरी होती, नियत साफ होती, नुकसान कोणाचंच झालं नाही. तरीही ते ५१ रुपये माझ्या डोक्यातून जात नाहीत. मी तेव्हा त्यांना "नका देऊ" म्हणालो नाही, हेही जात नाही.

---

तुळशीमाळ

@फाईलबंद काका, हे वाचून थांबलो. खरंय. सत्यनारायण घरी करावा.

---

थेम्सकाठची

लंडनजवळ राहते, मूळची साताऱ्याची. इकडची गंमत ऐका. इथे सरकारचा अधिकृत धर्म आहे! राजा चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख, वरच्या सभागृहात २६ बिशप हक्कानं बसतात. आणि तरी पुढाऱ्यानं देवाचं नाव काढलं की लोक अवघडतात. टोनी ब्लेअर पक्के धार्मिक, पण २००३मध्ये मुलाखतीत श्रद्धेवर प्रश्न येताच त्यांच्या प्रसिद्धीप्रमुखानं मध्येच तोडलं: आम्ही देवाच्या भानगडीत पडत नाही. ब्लेअरनी कॅथलिक पंथ स्वीकारला तो पद सोडल्यावर, २००७च्या डिसेंबरात. पदावर असताना टाळलं.

आता धाग्याशी जुळणारी गोष्ट. ऋषी सुनक खासदारकीची शपथ गीतेवर घेतात. तेच सुनक मे २०२३मध्ये राज्याभिषेकाला वेस्टमिन्स्टर ॲबीत उभे राहिले आणि बायबलमधला उतारा वाचला, कारण अशा सोहळ्यात पंतप्रधानानं वाचायची अलीकडची प्रथा आहे. खासदारकीची शपथ माणसाची होती, ॲबीतलं वाचन खुर्चीचं. इकडच्या आमच्या मंडळातल्या काकूंना गीता पाहून भरून आलं होतं, बायबल पाहून जरा खट्टू झाल्या. मी म्हटलं, काकू, दोन्ही तरी घ्या नाहीतर दोन्ही तरी सोडा.

---

चार्वाकाचा_पणतू

@थेम्सकाठची, यावरून आपल्याकडचं ऑक्टोबर २०२० आठवलं. करोनात देवळं बंद होती. राज्यपाल कोश्यारींनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून देवळं उघडायला सांगितलं आणि वर विचारलं, तुम्ही अचानक सेक्युलर झालात की काय? ज्या संविधानाच्या उद्देशिकेत 'धर्मनिरपेक्ष' शब्द आहे त्याचं रक्षण करायची शपथ घेतलेला माणूस तोच शब्द टोमणा म्हणून वापरतो! मुख्यमंत्र्यांनी उत्तरात आपल्या हिंदुत्वाला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही असं सांगितलं. राज्यपालांना त्यांच्या शपथेतल्या धर्मनिरपेक्षतेची आठवणही करून दिली, पण सेक्युलर असणं ही माझीही शपथच आहे, हे तेवढ्याच ठसक्यानं मिरवायचं त्यांनाही सुचलं नाही. साथीत कुठली जागा कधी उघडायची हा रुग्णसंख्येचा प्रश्न, तो श्रद्धेच्या तराजूत टाकला गेला. देवळं उघडली ती पाडव्याला, १६ नोव्हेंबरला.

---

दवाखान्यातला

मी आरोग्य खात्यात आहे, सोलापूर जिल्ह्यात. मुसलमान आहे, हे इथे सांगावं लागतंय कारण विषयच तसा आहे. एरवी ड्युटीवर कोणी विचारत नाही.

पालख्या जिल्ह्यात शिरल्या की आमची झोप संपते. टँकरचं पाणी तपासायचं, विहिरींत क्लोरीन टाकायचं, पायाचे फोड, जुलाब, उन्हानं आलेली भोवळ. ६५ एकरात, म्हणजे पंढरपुरातल्या वारकऱ्यांच्या मुक्कामाच्या तळावर, रात्री-बेरात्री फिरायचं. एकदा एका माऊलीच्या पायाला पट्टी बांधत होतो. ती माझ्या पाया पडायला वाकली, मी मागे सरलो. वारीत समोरचा माऊली असतो, सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, हे तिनं मला समजावलं. मग मीही वाकलो. माझ्या धर्मात हे बसत नाही हे मला माहीत आहे, वरचा बघून घेईल.

सांगायचं असं की सरकार वारीत आहेच. पाण्यात आहे, संडासात आहे, ॲम्ब्युलन्समध्ये आहे. ते सगळं ज्याचा कुठलाही धर्म असेल असा कर्मचारी करू शकतो आणि करतो. मला ते सरकार माझं वाटतं. पहाटेच्या पूजेचा लाईव्ह कार्यक्रम मात्र मी टीव्हीवर पाहुण्यासारखा बघतो. राग येत नाही, खरंच येत नाही. त्या दोन तासांपुरतं सरकार शेजारच्या घरी गेलंय असं वाटतं, बस.

---

वेशीबाहेर

@दवाखान्यातला, दोनदा वाचलं.

---

खडूफळा

इतिहास शिकवतो म्हणून काकासाहेब गाडगीळांना मध्ये आणतो. नोव्हेंबर १९४७मध्ये सरदार पटेल सोमनाथला गेले तेव्हा आपले न. वि. गाडगीळ त्यांच्याबरोबर होते, बांधकाम खात्याचे केंद्रीय मंत्री म्हणून. मंदिर पुन्हा बांधायचं ठरलं. गांधीजी काय म्हणाले? बांधा, पण पैसा सरकारी तिजोरीतला नको, लोकांनी द्यावा. आणि तसाच ट्रस्ट झाला. ११ मे १९५१ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद प्रतिष्ठापनेला गेले. नेहरूंना ते पसंत नव्हतं, त्यांनी तसं कळवलंही होतं. राजेंद्रबाबू तरी गेले. दुसऱ्या धर्माच्या स्थळाचं आमंत्रण आलं तरी मी जाईन, असं त्यांचं म्हणणं.

वर्गात मुलं विचारतात, बरोबर कोण? पूर्वी मी नेहरू सांगायचो. आता गांधीजींची पैशाची अट सांगतो. राष्ट्रपती कुठे जातात यापेक्षा तिजोरी कुठे जाते हे बघणं सोपं असतं.

---

कलम_पंचवीस

@खडूफळा, तिजोरीइतकंच मतपेटीचंही बघा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३प्रमाणे धर्माच्या नावावर मत मागणं हे निवडणुकीतलं भ्रष्ट आचरण. विलेपार्ल्याच्या १९८७च्या पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून निवडून आलेल्या आमदाराची निवड रद्द झाली आणि बाळासाहेब ठाकरेंचा मतदानाचा हक्क सहा वर्षं गेला. २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं ४ विरुद्ध ३ असं ठरवलं की फक्त उमेदवाराचाच नाही, मतदाराचा धर्म काढूनही मत मागता येणार नाही.

म्हणजे मत मागताना देवाचं नाव घेतलं तर निवड रद्द, आणि निवडून आल्यावर पूजा केली तर थेट प्रक्षेपण. मधल्या काळातही बघा: २०२४च्या कार्तिकीला विधानसभेची आचारसंहिता होती, तर पूजा विभागीय आयुक्तांनी केली. आचारसंहितेलाच कळलं की पूजेत राजकारण आहे.

---

तुळशीमाळ

सगळे कायदेपंडित जमलेत, मी माझं साधं बोलतो. नेत्यानं श्रद्धा घरी ठेवून यावं म्हणणं सोपं आहे. माझी श्रद्धा छत्री नाही, दाराशी ठेवून आत यायला. मी ग्रामपंचायत सदस्य होतो पाच वर्षं. दारूचं दुकान गावाबाहेर घालवलं ते माळेमुळेच, मला ते नाकारायचं नाही.

जादूटोणाविरोधी कायद्याच्या वेळी आमच्यातलेच अनेक विरोधात होते, मीही. वारी-कीर्तनावर गदा येणार असं वाटायचं. दाभोलकरांचा खून झाला २० ऑगस्ट २०१३ला, मग वटहुकूम आला, डिसेंबरात कायदा. मी तो आणून वाचला. यात्रा, परिक्रमा, कीर्तन, भजन यांना धक्का नाही असं त्यात लिहिलेलंच आहे. बंदी आहे ती भूत उतरवायला साखळीनं मारण्यावर, नरबळीवर. तुकोबांनी याहून कडक भाषा वापरलीय. मला तेव्हा कोणीतरी आधी वाचून दाखवायला हवा होता. आता वाटतं, श्रद्धा घेऊन खुर्चीवर बसावं, पण निर्णय सांगताना दुसऱ्याला पटेल असं कारण द्यावं. दारूचं दुकान हलवताना मी ग्रामसभेत माळ दाखवली नव्हती. शाळेचं अंतर मोजून दाखवलं होतं.

---

चार्वाकाचा_पणतू

@तुळशीमाळ, अंतर मोजून दाखवलंत यावर मी आता काय वाद घालू? एक दिवस चहा घेऊ.

---

महाद्वार_घाट

एक गोष्ट राहिलीच, आणि ती इथं कोणाला आठवू नये याचं नवल वाटतं. २०१८. मराठा आंदोलन पेटलेलं. मुख्यमंत्री फडणवीसांनी गर्दीत काही विपरीत घडू नये म्हणून पंढरपूरचा दौरा रद्द केला आणि 'वर्षा'वर घरीच विठ्ठलाची पूजा केली. इकडे देवळात पूजा झाली ती मानाच्या वारकरी जोडप्याच्या हातून. रांगेत उभं राहून आलेली साधी माणसं.

धागाकर्त्यांच्या प्रश्नाला त्या वर्षी आपोआप उत्तर मिळालं होतं बघा. माणसानं आपली पूजा आपल्या घरी केली. देवळातली पूजा रांगेनं केली. देव नाराज झाल्याचं आम्हा पंढरपूरकरांच्या तरी कानावर आलं नाही.

खड्डे मात्र त्याही वर्षी बुजवले होते. दौरा रद्द झाला तो आयत्या वेळी.

---

वेशीबाहेर

@महाद्वार_घाट, आत्ता आईला फोन करून २०१८चं विचारलं. ती त्या वर्षी तिथंच होती. मुख्यमंत्री आले नव्हते हे तिच्या लक्षातच नाही. पाऊस होता आणि पत्राशेड गळत होतं, एवढं आठवतंय म्हणाली.